मुक्कामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न: विशीपासून पंच्याहत्तरीपर्यंत

गडावर पहिल्यांदा मुक्काम केला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आता अठ्ठावन्न आहे. मधल्या काळात आधी कॉलेजचा ग्रुप, मग संसार, मग मुलं, आणि आता पन्नाशी ओलांडलेल्या बायकांचा आमचा गट, असे मुक्काम चालूच राहिले. दिवाळी झाली आणि थंडी पडू लागली की मला मेसेज यायला लागतात. विचारणारे विशीतले असतात तसे सत्तरीतलेही असतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. आम्ही कॉलेजात असताना तंबू कधी पाहिलाच नव्हता. गुहेत नाहीतर देवळात झोपायचो. त्याला कॅम्पिंग म्हणायचं का?

म्हणायचं, आणि अभिमानाने म्हणायचं. सह्याद्रीत मुक्काम करायची आपली रीत तंबूच्या आधीची आहे. हरिश्चंद्रगडावर देवळाजवळच्या गुहा, रतनगडावर शिडीच्या वरची गुहा, राजगडावर पद्मावतीचं देऊळ, पायथ्याच्या गावात मारुतीच्या देवळाचा नाहीतर शाळेचा ओटा. पुण्या-मुंबई-नाशिकचे ट्रेकर पिढ्यान्‌पिढ्या असेच झोपले. सामान म्हणजे चादर, स्वेटर, तीन सेलची बॅटरी, एक टोप आणि डाळ-तांदूळ. त्याच्याही मागे गेलं तर उघड्या माळावरचे धनगरांचे वाडे आहेत, वारीतल्या राहुट्या आहेत. म्हणून मी इथे कॅम्पिंग आणि मुक्काम हे शब्द एकाच अर्थाने वापरले आहेत.

२. वयानुसार कॅम्पिंग बदलतं असं तुम्ही म्हणता. नेमकं काय बदलतं?

ओझं कोण वाहतं हे बदलतं. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं. विशीत ओझं आपल्याच पाठीवर असतं आणि काळजी कुणाचीच नसते. तिशीत सामान वाढतं, सुट्ट्या कमी होतात. मुलं झाली की ओझं गाडीच्या डिकीत जातं, आणि गाडी जाईल तिथपर्यंतच मुक्काम होतो. पन्नाशीनंतर गावातला एखादा दादा सॅक उचलतो. सत्तरीत तंबूसुद्धा दुसऱ्या कुणीतरी लावलेला असतो.

माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणांनी चाळिशीत मुक्काम कायमचे सोडले. त्यांचे पाय धड होते. 'आता पूर्वीसारखं जमत नाही' एवढंच कारण. पाठीवर सॅक टाकून गेलं तरच ते खरं, गाडीने गेलं की ते खोटं, असं त्यांनी मनाशी धरलं आणि घरी बसले. याचं मला फार वाईट वाटतं. खरं तर ही उत्तरं लिहायला बसले तीही त्यामुळेच.

३. वय २१, बजेट कमी, अनुभव शून्य. पहिला मुक्काम कुठे करू?

राजमाचीला जा. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी उधेवाडी गाव आहे. तिथे घरांमधून जेवणाची आणि राहायची सोय होते. विचारून अंगणात तंबू लावा. रात्री काही बिनसलं तर घर दहा पावलांवर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पहिल्याच मुक्कामाला हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा नको, तिथला वारा नवख्याला रात्रभर झोपू देत नाही.

तंबू विकत घेऊ नका, भाड्याने घ्या नाहीतर मागून घ्या. पाठीवरचं वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत ठेवा. साठ किलोच्या माणसाने बारा किलोच्या वर जाऊ नये, आणि त्यात पाणीही धरायचं, कारण लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. थोडेच पैसे असतील तर ते आधी मॅटवर घाला. पांघरूण कितीही जाड असलं तरी खालची जमीन अंगातली ऊब ओढून घेते, आणि थंडी वाजते ती बहुधा खालून.

४. तंबू आणि स्लीपिंग बॅग घेताना काय बघायचं?

दोन थरांचा तंबू घ्या: आत जाळीचा, वर पावसाचा. एका थराच्या स्वस्त तंबूत सकाळी छतावरून थेंब गळतात आणि लोक म्हणतात तंबू फुटका निघाला. तो फुटका नसतो. आपल्याच श्वासातली वाफ गार कापडाला लागून पाणी होते. दोन थर असले आणि खालून-वरून हवा खेळती ठेवली की हे पाणी बाहेरच्या थरावर राहतं. 'दोन माणसांचा' लिहिलेल्या तंबूत दोन माणसं मावतात, त्यांच्या सॅक मावत नाहीत. दोघांनी तिघांचा घ्यावा.

सह्याद्रीतली खरी अडचण खुंट्यांची. माथ्यावर बोटभर माती आणि खाली काळा कातळ असतो, खुंटी दोन इंच जाऊन वाकते. अशा वेळी खुंटी आडवी धरायची, तंबूच्या दोरीचा फास तिच्या मधोमध घालायचा आणि खुंटीवर दोन्ही बाजूंनी नारळाएवढे धोंडे ठेवायचे. दोरी ताणून बघायची. धोंडा सरकला तर त्याच्या पुढे आणखी एक. चारही कोपरे असे करायच्या आधी तंबूचं तोंड वाऱ्याकडे आहे का ते बघायचं, असेल तर फिरवायचं. याला वीस मिनिटं लागतात आणि ती उजेड असतानाच द्यायची.

स्लीपिंग बॅगवर तापमानाचे दोन आकडे असतात. एक आरामाचा, एक मर्यादेचा. आरामाचा आकडा साधारण बाईच्या शरीरावरून ठरवलेला असतो आणि मर्यादेचा साधारण पुरुषाच्या. दुकानदार मोठ्याने मर्यादेचाच सांगतो. बायकांनी आणि पन्नाशीनंतर सगळ्यांनीच आरामाचा आकडा बघावा. कुठे किती थंडी असेल याचा ढोबळ हिशोब असा: हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. कळसूबाई १६४६ मीटर आहे. म्हणजे डिसेंबरात मुंबईत रात्री जेवढं असेल त्याहून माथ्यावर दहाएक अंश कमी धरा, वारा वेगळा.

५. पूर्वी एका चादरीवर भागायचं, आता कितीही घेतलं तरी काहीतरी राहिलंच असं वाटतं. असं का होतं?

हातात पैसा आला आणि वेळ गेला की असं होतं. जायला जमत नाही, म्हणून माणूस घेत सुटतो. माझ्या कपाटातही एका काळी तीन स्टोव्ह होते आणि वर्षातून मुक्काम एकच.

यावर एक उपाय मला लागू पडला. घरी आल्यावर सॅक रिकामी करताना तीन ढीग करते. रोज वापरलेलं, एकदा वापरलेलं, हातच न लावलेलं. तिसऱ्या ढिगातलं पुढच्या वेळी घरी राहतं. अपवाद तीन: औषधांची पेटी, जास्तीची बॅटरी, पावसाचं जाकीट. पाच-सहा मुक्कामांत सॅक आपोआप हलकी होते.

६. बायकोला कॅम्पिंगचं नाव काढलेलं आवडत नाही. तिला कसं पटवू?

पटवू नका, आधी कारण विचारा. मला इतकी वर्षं बायकांकडून दोनच कारणं ऐकायला मिळाली आहेत. एक संडास, आणि दुसरं म्हणजे तिथेही स्वयंपाक तिनेच करायचा. 'मी घरी चूल सांभाळते ती काय कमी आहे, आणखी डोंगरावर जाऊन सांभाळू?' असं मला एका मैत्रिणीने विचारलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हा स्वयंपाक तुम्ही करा, भांडीही तुम्हीच घासा. पिठलं-भात शिकायला दोन रविवार पुरतात. पहिले मुक्काम संडासाची सोय असलेल्या जागी करा. उघड्यावर जायची वेळ आली तर पाण्यापासून आणि वाटेपासून किमान साठ-सत्तर पावलं लांब, वीतभर खोल खड्डा करून, नंतर मातीने बुजवायचा. कागद आणि पॅड पिशवीत बांधून परत आणायचे. आडोशासाठी एक जुनी साडी आणि दोरी पुरते. हे सगळं तुम्ही आधी करून ठेवलंत तर पटवायची वेळ येणार नाही. बायकांच्या बाकी प्रश्नांसाठी प्रश्न १२ बघा.

७. बाळाला किती महिन्यांचं झाल्यावर न्यावं?

महिन्यांपेक्षा अंतर बघा. दवाखाना तासाभरात गाठता येईल आणि गाडी तंबूशेजारी उभी राहील अशी जागा असेल, तर मान धरणारं, तब्येतीने ठणठणीत बाळ नेता येतं. तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा. मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगेत बाळाला कधीही घेऊ नका. तोंडावर कापड येऊन गुदमरण्याची भीती असते, आणि अंग फार तापतं तेही धोक्याचं. त्याला थरांचे कपडे घाला आणि मानेमागे हात लावून बघा. तिथे घाम असेल तर एक थर काढा.

आमच्या मुलीचा पहिला तंबू गच्चीवर लागला. ती दीड वर्षाची होती. रात्री अकराला तिला घरात जायचं होतं, गेलो. आठवड्याने परत लावला, तेव्हा दोन वाजेपर्यंत टिकली. तिसऱ्या वेळी सकाळ झाली. गच्चीवर हरलं तर जिना उतरायचा, बस. डोंगरावर हीच शिकवण फार महाग पडते.

८. शाळकरी मुलं तासाभरात कंटाळतात आणि मोबाईल मागतात. काय करू?

मुलाला त्याची स्वतःची बॅटरी द्या आणि एक खरं काम द्या. खरं म्हणजे ते न केल्यास सगळ्यांचं अडेल असं: पाणी आणणं, खुंट्या मोजून परत भरणं, चहाचं पातेलं सांभाळणं. मे अखेरीस भंडारदऱ्याला किंवा राजमाचीला काजवे बघायला न्या. मोठा पाऊस सुरू होईपर्यंत झाडंच्या झाडं लुकलुकत असतात. तिथे बॅटऱ्या बंद ठेवा, झाडाखाली वाहन नेऊ नका, काजवे बाटलीत भरू देऊ नका.

९. मुलगा सोळा वर्षांचा आहे, मित्रांबरोबर जातो म्हणतो. पाठवू का?

पाठवा, पण तुम्ही स्वतः पाहिलेल्या जागी. माझी सगळ्यात मोठी भीती कड्याची नाही, पाण्याची आहे. गडावरची टाकी खोल असतात, कडा शेवाळलेल्या, आणि आत उतरलेल्याला वर यायला धरायला काही नसतं. धरणांचं आणि धबधब्याखालच्या डोहांचं तेच. पोहायचं नाही, ही अट मी माझ्या मुलाला घातली होती आणि त्यात सूट नव्हती. दुसरी अट: पायथ्याच्या गावात एका घरी नाव, संख्या आणि परतायची वेळ सांगून जायचं. त्या घरचा नंबर आपल्याकडेही हवा. पावसाळ्यात एवढ्यावर भागत नाही, जोडीला जाणता मोठा माणूस हवाच.

१०. तंबूत साप येईल का?

जाळीची चेन पूर्ण लावलेली असेल तर येत नाही. धोका उघड्यावर किंवा गुहेत जमिनीवर झोपणाऱ्याला जास्त, आणि त्यातही मण्यारचा. मण्यार रात्री फिरतो, झोपलेल्या माणसाला चावतो, आणि त्याचा दंश इतका बारीक असतो की बऱ्याचदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या मिटू लागणं, बोलताना जीभ जड होणं, असं काहीही दिसलं तर दंशाची खूण शोधत बसू नका. माणसाला हलू न देता उचलून सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात न्या. १०८ ला फोन करा. आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही.

बूट तंबूच्या आत ठेवा किंवा सकाळी आपटून मग घाला, विंचू बुटात शिरतो. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर शेकोटी, अत्तर आणि आरडाओरडा तिन्ही टाळा.

११. पूर्वी कुठल्याही गडावर राहता यायचं. आता अडवतात. नियम काय आहे?

सगळ्या गडांना एकच नियम नाही, म्हणून निघायच्या आधी पायथ्याच्या गावात फोन करून विचारा. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तू साधारणपणे सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळात खुल्या असतात, आणि तिथे चूल पेटवता येत नाही. अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगी लागते. वासोटा कोयना अभयारण्यात आहे. बामणोलीहून बोटीने जायचं, गड बघायचा आणि संध्याकाळच्या आत परत. तिथे रात्र काढता येत नाही. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, शिवनेरी, साल्हेर यांच्यासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यांच्यावर तर जास्तच लक्ष राहणार. हिमालयातही हेच चाललंय. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला.

मला याचं दुःख होतं. ज्या देवळात मी विशीत झोपले तिथे माझी मुलगी झोपणार नाही. पण त्याच देवळाच्या भिंती आमच्या चुलींनी काळ्या केल्या होत्या, आणि कोनाड्यात दारूच्या बाटल्याही मी पाहिल्या आहेत. मुक्काम पायथ्याच्या गावात करा, पहाटे गड चढा, संध्याकाळी उतरा. गावात चार पैसे जातात, आणि पहाटेचा गड तसाही सगळ्यात सुंदर असतो.

१२. पाळी, गरोदरपण, पाळी जाण्याचा काळ: यात मुक्काम करायचा का?

पाळीत करायला काहीच हरकत नाही. वापरलेलं सगळं दोन पिशव्यांत गाठ मारून परत आणायचं, सोबत कोरडे कपडे आणि पाण्याची वेगळी बाटली ठेवायची. पाळीचा कप वापरणार असाल तर आधी दोन-तीन महिने घरी वापरून बघा. गडावर पहिल्यांदा प्रयोग नको.

गरोदरपणात तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. त्यांनी हो म्हटलं तरी गाडीजवळचा, दवाखान्याजवळचा, सपाटीवरचाच मुक्काम.

तिसऱ्या काळाबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. पन्नाशीच्या आसपास रात्री एकदम अंग पेटतं, घाम फुटतो, आणि पाच मिनिटांनी हुडहुडी भरते. बंद स्लीपिंग बॅगेत हे फार छळतं. मी आता तिची चेन पूर्ण उघडून ती रजईसारखी पांघरते, खाली सुती चादर घालते, आणि उशाशी कोरडा सदरा ठेवते. आमच्या गटात निम्म्या जणी असंच करतात. एकमेकींना सांगायला मात्र आम्हाला दोन वर्षं लागली.

१३. पन्नाशी झाली, गुडघे बोलायला लागले. आता सोडून द्यायचं का?

मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच.

बावन्नाव्या वर्षी मी हरिश्चंद्रगडावरून तोलार खिंडीच्या वाटेने खिरेश्वरला उतरत होते. खिंडीच्या वरचा उतार अर्धा झाला आणि उजवा गुडघा प्रत्येक पायरीला आतून सुई टोचल्यासारखा दुखू लागला. बसून उतरले, उलटी उतरले, शेवटी एका मुलाने माझी सॅक घेतली. गावात पोचेपर्यंत अंधार झाला होता. त्या रात्री मी ठरवलं होतं की आता पुरे.

ते ठरवणं चुकीचं होतं. चढताना दम लागतो, पण गुडघ्यावर खरा भार येतो उतरताना, शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट. तो तीन प्रकारे कमी करता येतो. पहिला, मांडीचे स्नायू. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या आणि ते मुक्कामाच्या तीन महिने आधी सुरू करा, तीन दिवस आधी नाही. दुसरा, काठ्या. एक नको, दोन घ्या. उतरताना त्या थोड्या लांब करा आणि पाय टाकायच्या आधी काठी टाका. तिसरा, वजन. गावातल्या माणसाला सॅक द्या, पैसे आधी ठरवा आणि ठरल्यापेक्षा थोडे जास्त द्या. तुमच्या पाठीवर पाणी, औषधं, जाकीट आणि खाऊ, एवढंच. सॅक देताना मला पहिल्या वेळी लाज वाटली होती. ज्या दादाने ती उचलली तो म्हणाला, 'ताई, तुम्ही चालता ते कमी आहे का?'

वाटही बदला. मी आता हरिश्चंद्रगडाला पाचनईवरून जाते, ती वाट सगळ्यात सोपी. नळीच्या अवघड वाटेचं नाव काढत नाही. एका दिवसाचं अंतर दोन दिवसांत करते.

आणि झोपेची सोय बघा. या वयात वाईट झोपलेल्या रात्रीची भरपाई दोन दिवसांत होते, विशीत ती चहाच्या एका कपाने व्हायची. जाड, हवेची मॅट घ्या, उंच दाराचा तंबू घ्या. दाराशी एक घडीचं स्टूल ठेवा. सकाळी उठताना आधी कुशीवर वळायचं, मग दोन्ही गुडघ्यांवर यायचं, एक तळवा स्टुलावर टेकायचा, चांगला पाय पुढे घ्यायचा आणि मग उभं राहायचं. स्टुलावर बसून बूट घातले की वाकावं लागत नाही. साडेतीनशे-चारशे ग्रॅमचं हे स्टूल गेल्या दहा वर्षांतली माझी सगळ्यात चांगली खरेदी आहे.

गुडघा सुजत असेल, अडकत असेल किंवा रात्रीही ठणकत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

१४. पवना धरणाच्या काठी तयार तंबू, गादी, बार्बेक्यू मिळतं. त्याला खरं कॅम्पिंग म्हणायचं का?

रात्री आकाशाखाली झोपलात ना, मग म्हणायचं. लहान मुलं, म्हातारे, पहिल्यांदा येणारे यांच्यासाठी ती चांगली सोय आहे. माझी तक्रार फक्त स्पीकरची आहे. मोठ्या आवाजात गाणी लावली की तळ्याकाठी येऊन काहीच ऐकू येत नाही. बुक करताना 'रात्री दहानंतर आवाज बंद असतो का' हा एकच प्रश्न विचारा, उत्तरावरून जागा कळते. थंडीत तंबूत कोळशाची शेगडी ठेवायची सोय कुणी करून देत असेल तर साफ नाही म्हणा. बंद तंबूत कोळसा किंवा स्टोव्ह पेटवला की विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो.

१५. आई पंच्याहत्तरीची आहे आणि तिला एकदा तंबूत झोपायचंय. न्यावं का?

न्याच. आषाढी वारीत आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालून राहुटीत पाठ टेकणाऱ्या आज्या आपण पाहतो. त्यातल्या कितीतरी जणींचं वय तुमच्या आईएवढं असतं.

जमिनीवर झोपवू नका. घडीची खाट मावेल असा तंबू घ्या, किंवा गावातून बाज आणा. रात्री दोनदा तरी उठावं लागणार. तंबूपासून संडासापर्यंत दोरी बांधा आणि तिला छोटे दिवे लटकवा, म्हणजे हात धरायला आणि वाट दिसायला एकच सोय होते. उतारवयात तहान लागल्याचं लवकर कळत नाही, तेव्हा विचारत बसू नका, तासातासाने पाण्याचा पेला हातात द्या. इन्शुलिन चालू असेल तर सध्या वापरातली कुपी साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला टिकते, पण ऊन आणि तीस अंशांवरची उष्णता तिला चालत नाही. गाडीत ठेवू नका. ती गोठली असेल तर टाकून द्या. आपल्या औषधावरची सूचना मात्र वाचाच. एकच रात्र ठेवा, आणि सकाळी घाई करू नका.

१६. साठीत पहिल्यांदा हिमालयात जायचंय. जमेल का?

जमतं. यूथ हॉस्टेल्स या संस्थेच्या हिमालयातल्या ट्रेकना मी पांढऱ्या केसांची कितीतरी मराठी माणसं पाहिली आहेत. हृदय, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. उंचीचा त्रास अडीच हजार मीटरच्या वर कुणालाही होऊ शकतो, विशीतल्या पैलवानालासुद्धा. तीन हजारांच्या वर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवू नका. डोकं दुखून मळमळ सुरू झाली तर आणखी वर जायचं नाही. उभं राहताना तोल जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर त्याच क्षणी खाली उतरायचं, रात्र असली तरी. गुडघ्यांसाठी प्रश्न १३ बघा.

१७. मुलगा अमेरिकेत आहे, तिकडे गेलो की कॅम्पिंगला नेतो. तिथलं वेगळं काय?

जागा महिनोन्‌महिने आधी आरक्षित करावी लागते, आणि दुसरं म्हणजे अस्वलं. योसेमिटीसारख्या ठिकाणी खाण्याचा कुठलाही पदार्थ रात्री तंबूत तर नाहीच, गाडीतही ठेवायचा नाही. त्यासाठी लोखंडी पेट्या असतात. आपल्याकडच्या माणसांनी इथे विशेष जपावं: सोबत नेलेले लाडू, चिवडा, लोणच्याची बाटली, पर्समधली बडीशेप, टूथपेस्टसुद्धा पेटीत. अस्वलाला गाडीच्या बंद दाराआडून वास येतो आणि ते दार वाकवतं.

१८. मिस्टर जाऊन दोन वर्षं झाली. दर डिसेंबरला आम्ही दोघं जायचो. मुलं म्हणतात एकटीने नको. काय करू?

जा. पहिल्या वर्षी गटाबरोबर जा, आणि तुम्ही दोघं जायचात त्या जागी जाऊ नका. ती जागा कुठे जात नाही. तुम्ही तयार झालात की तिकडे जाल.

तोवर ते जी कामं करायचे ती शिकून घ्या. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीला तंबू लावता येत होता, पण स्टोव्ह कधी पेटवावा लागला नव्हता. तिने स्वयंपाकघराच्या ओट्यावर तो रोज संध्याकाळी एकदा पेटवून विझवला, पंधरा दिवस. दोघांचा घुमटाचा तंबू एकटीला लावता येतो, गच्चीवर सराव करा. मग एखाद्या ओळखीच्या घराच्या अंगणात एकटीने एक रात्र काढा. मुलांना रात्री नऊला आणि सकाळी सातला फोन, एवढं वचन द्या आणि ते पाळा. पहिल्या रात्री झोप लागली नाही तरी चालेल. थर्मासमध्ये चहा भरून ठेवा आणि पहाटे बाहेर येऊन बसा.

१९. माळ्यावर पंचवीस वर्षांपूर्वीचा तंबू आणि सॅक आहे. ठेवू, वापरू की देऊन टाकू?

आधी उघडून वास घ्या. आंबट वास येत असेल आणि कापड आतून चिकट लागत असेल तर पाणी अडवणारा आतला थर विरघळलाय. तो धुऊन परत येत नाही, आणि असा तंबू पावसात कुणालाही देऊ नका. अंगणात मुलांना खेळायला तो अजून चालेल. कापड कोरडं आणि सुटं असेल तर शिवणींना पाणी अडवणारा सीलर लावा, काठ्यांमधलं इलॅस्टिक ओढून बघा, सैल असेल तर बदला. एक रात्र गच्चीवर लावून त्यावर बादलीभर पाणी ओता.

धड निघाला तर तुमच्या ओळखीतल्या विशीतल्या कुणाला तरी द्या, प्रश्न ३ विचारणारे खूप असतात. खुंट्या मोजून द्या. माझ्या जुन्या तंबूच्या चौदातल्या नऊच उरल्या होत्या. बाकीच्या पाच मी लोहाराकडून करून घेतल्या आणि मग तो भाचीला दिला.